‘येतो’ म्हणालेल्यांची यादी

श्री. यशवंत खांबेटे यांची आणि माझी ओळख त्यांच्या ओरडण्यातून झाली. अकोल्याहून कॅनडातल्या केंब्रिजला शिकायला येऊन मला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. कॉलेज, ग्रोसरीच्या दुकानातली अर्धवेळ नोकरी आणि तिघींनी मिळून भाड्याने घेतलेले बेसमेंट, एवढाच माझा कॅनडा. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी नदीकाठाने घरी चालले होते. पलीकडच्या बेसबॉलच्या मैदानावरून अचानक खणखणीत मराठी आवाज आला, “अरे, बॅट टाक! टाक ती बॅट! सासऱ्याने मानपानात दिलीय का?”

झाले होते असे, की एका गृहस्थांनी चेंडू झकास टोलवला होता आणि हातात बॅट घेऊन ते पहिल्या बेसकडे धावत सुटले होते. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचे असते. पण सगळा जन्म क्रिकेटमध्ये गेलेला माणूस बॅट सोडील कशी? बेसपाशी पोचल्यावर त्यांनी ती क्रीजमध्ये टेकवावी तशी टेकवली आणि मोठ्या अभिमानाने मागे पाहिले. मला हसू आवरेना. तो दरडावणारा आवाज ज्यांचा होता ते निळ्या टोपीतले, साठी ओलांडलेले गृहस्थ माझ्याकडे वळले. “हसताय काय? मराठी ना तुम्ही? मग अशा तिकडे उजव्या कोपऱ्यात उभ्या राहा. चेंडू आला तर अडवा. नाही आला तरी उभ्या राहा.”

मी उभी राहिले. त्याला आता बारा वर्षे होऊन गेली.

काकांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे इथल्या मराठी मंडळाने ठरवले तेव्हा संपादकांनी मला बजावले, “संघाच्या वतीने काहीतरी प्रसन्न लिहा, वैशालीताई.” प्रसन्न लिहायचा प्रयत्न करते. पण वाचकांना एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. काका आणि काकू येत्या एप्रिलमध्ये कायमचे देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरला, लेकीकडे चालले आहेत. त्यांची मॅनेजरकी माझ्या गळ्यात पडली आहे. मला यांतले काहीही नको आहे. शिवाय या हिवाळ्यात आमच्या संघात जे फेरबदल झाले, त्यांत माझ्या जिभेने काकांना दुखावले. तेही इथेच लिहिणार आहे, कारण त्यांच्यासमोर बसून बोलायला गेले तर ते विषय बदलून माझ्या खांद्याची चौकशी करतील.

काकांचे सारे आयुष्य मोटारींत गेले. तरुणपणी चिंचवडला एका टूलरूममध्ये काम शिकले, पुढे इथल्या मोटारींच्या कारखान्यात तपासनीस म्हणून निवृत्तीपर्यंत राहिले. गाडीचे दार लावताना जो आवाज येतो, त्यावरून दार नीट बसले आहे की नाही हे त्यांना कळते. मी माझी पहिली जुनी गाडी घेऊन मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला गेले. त्यांनी इंजिन पाहिले नाही, टायर पाहिले नाहीत, नुसते दार उघडून लावले आणि म्हणाले, “हिला कुणीतरी उजवीकडून ठोकलीय. विचार विकणाऱ्याला.” विचारले. ठोकली होती.

त्या कारखान्यातल्या कामगारांचा एक बेसबॉल संघ होता. नव्याने आलेल्या खांबेट्यांचे अक्षर सुरेख, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना गुणांची वही लिहायला बसवले. खेळ तर काही कळत नव्हता. तेव्हा काका आधी बेसबॉल लिहायला शिकले आणि मग बघायला. इंग्रजी खुणांच्या शेजारी समासात ते मराठीत शेरे मारत. “हा डावखुरा आहे, विसरू नये.” “याच्या बायकोचे ऑपरेशन आहे, आज रागावू नये.” त्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांतले निम्मे शेरे खेळाविषयी नाहीतच.

आमचा संघ त्यांनी काढला तो एका अडचणीतून. पुण्या-नागपूरकडची आयटीतली आणि कॉलेजातली मंडळी तेव्हा पार्किंग लॉटमध्ये टेनिस बॉलने क्रिकेट खेळायची आणि लोकांच्या शिव्या खायची. क्रिकेटचे मैदान लांब आणि तिथे नंबर लागायला वर्ष जायचे. नदीकाठचे बेसबॉलचे मैदान मात्र रविवारी दुपारी रिकामे असायचे. काका म्हणाले, “मैदान ज्या आकाराचं मिळतंय, त्या आकाराचा खेळ खेळू.” क्रिकेटवाल्यांनी नाके मुरडली, पण आले. स्त्री-पुरुष सगळे एकत्र खेळू शकतील अशी एक हौशी लीग होती, तिच्यात नाव घातले.

पहिल्याच सामन्याच्या दिवशी तिसऱ्या बेसजवळच्या खडीत टिटवीची चार अंडी निघाली. ही इकडची टिटवी, पण खोड तीच, उघड्यावर अंडी घालायची आणि माणूस जवळ आला की आकांत करायचा. अंपायर म्हणाले, अंडी उचलून बाजूला ठेवू. काका म्हणाले, तिला विचारा. शेवटी काकांनी संघाला खेळू दिले नाही आणि पहिला सामना आम्ही न खेळता हरलो. संघाला नाव मिळाले ते मात्र ‘टिटवी’. निर्मलाकाकूंना हे अजिबात पसंत नव्हते. “टिटवी ओरडली की घरातली माणसं देवाचं नाव घेतात, आणि तुम्ही ती छातीवर छापून हिंडणार?” त्यावर काकांचे उत्तर तयार होते, “अशुभ असेल ते समोरच्या संघाला.”

काकांच्या सचोटीविषयी पुष्कळ जण लिहितील. मला तिचा प्रसाद मिळालेला आहे, म्हणून मीही लिहिते. शाळेत मी खो-खो खेळत असे. त्यामुळे झेप टाकून बेस गाठणे मला लवकर जमले आणि संघात माझा थोडा रुबाब झाला. एका अटीतटीच्या सामन्यात मी अशीच दुसऱ्या बेसवर झेपावले. धूळ उडाली, अंपायरनी दोन्ही हात पसरून मी वाचल्याची खूण केली. बाकावरून काकांनी विचारले, “वैशाली, बेसला हात लागला का?” मी मराठीत खरे तेच सांगितले, “नाही काका, थोडक्यात राहिला.” मला वाटले, आपसातले बोलणे आहे. काका उठले, अंपायरकडे गेले आणि त्यांना इंग्रजीत सांगून आले. आम्ही तो सामना हरलो. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी काकूंनी फोन करून सांगितले, “ये गं जेवायला. तू येत नाहीस तर हे मला बेसबॉल समजावून सांगतात.”

माझे वडील गेले तेव्हा माझे वर्क परमिट संपत आले होते आणि नव्याचे कागद अडकले होते. देशाबाहेर गेले असते तर परत येता येईल याची खात्री नव्हती. शेवटचे दर्शन मी फोनच्या पडद्यावर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बेसमेंटच्या दाराशी उभे. एरवी सांत्वनाला येणारे लोक बसतात, पाणी मागतात, गीता सांगतात. काका म्हणाले, “बूट घाल.” मैदानावर नेऊन त्यांनी माझ्या दिशेने जमिनीलगत चेंडू मारायला सुरुवात केली. एक अडवला की दुसरा. सुमारे दोन तास. त्यांचे तेव्हाचे वय लक्षात घेता आज मला त्या दोन तासांची भीती वाटते. शेवटी मी एक चेंडू सोडून दिला, खाली बसले आणि रडले. ते येऊन शेजारी मातीत बसले. मग घरी नेले, काकूंनी वरणभात वाढला. त्या दिवसापासून केंब्रिजमध्ये मला माहेर आहे.

आता हिवाळ्याबद्दल. लोकांना वाटते, बेसबॉलच्या मॅनेजरचे काम उन्हाळ्यात असते. काकांचे खरे काम दिवाळीनंतर सुरू होई. ते म्हणत, “आपला चातुर्मास बर्फात येतो.” दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी खांबेट्यांच्या बेसमेंटमध्ये बैठक भरे. काकूंची थालीपिठे, वर लोण्याचा गोळा, आणि मध्ये काकांची वही. पुढच्या मोसमात कोण राहणार, कोण जाणार, कोण कुठे खेळणार, हे तिथे ठरायचे. मोठ्या व्यावसायिक संघांत खेळाडूंची अदलाबदल मालक करतात. आमच्या संघात ती इमिग्रेशनचे खाते करते. एखाद्याला पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळत नाही म्हणून तो नागपूरला परत जातो. दुसऱ्याला मिळते, म्हणून तो चांगल्या नोकरीमागे व्हँकुव्हर गाठतो. दर हिवाळ्याला एखादा तरी निघे. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा चांगला कॅचर तयार व्हायला तीन उन्हाळे लागतात, आणि चौथ्या उन्हाळ्यात तो जातो. काकांनी याबद्दल कधी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. निघणाऱ्याला ते दारापर्यंत पोचवायला जात, थंडीत कोट न घालता उभे राहत, आणि आत आल्यावर वहीत काहीतरी लिहीत. काय लिहीत, ते मी कधी विचारले नव्हते.

ते मला या जानेवारीत कळले. लीगच्या कार्यालयात कॅरल नावाच्या वयस्कर बाई नोंदणीचे काम पाहतात. त्यांचा फोन आला. तुमच्या संघाचे रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, पूर्ण भरली आहे, त्यामुळे तुम्ही पाठवलेली नवी नावे मला घेता येत नाहीत, असे त्या म्हणाल्या. मी चक्रावले. जास्तीत जास्त वीस नावांची मर्यादा आहे आणि आमच्याकडे त्या वेळी मोजून आठ माणसे होती. आठांत संघ उभाच राहत नाही, नऊ लागतात. शेजारच्या ग्वेल्फहून एक लातूरची मुलगी येऊन मिळाली होती. तिथे सोयाबीनवर संशोधन करते आणि चेंडू असा फेकते की कॅचरचा तळहात लाल होतो. कॉलेजातले आणखी काही जण वाट पाहत होते. मी म्हटले, यादी पाठवा पाहू.

यादी काकांच्या अक्षरात होती. फॉर्मवर ‘परत येणारे खेळाडू’ अशा अर्थाचा इंग्रजी मथळा होता आणि त्याखाली वीस नावे. आमची आठ. उरलेली बारा या दहा-बारा वर्षांत गेलेल्यांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा आमचा शॉर्टस्टॉप सिद्धेश, जो पाच वर्षांपूर्वी सिनेमाच्या संगणकीय कामासाठी व्हँकुव्हरला गेला. पहिल्या दिवशी बॅट घेऊन धावणारे ते गृहस्थ, जे आता नाशिकला असतात. सगळे होते.

माझ्या मनात पहिली आली ती भीती. पंचाहत्तरीचा माणूस, म्हटले, विसरायला लागले की काय. मी तशीच त्यांच्या घरी गेले. काका जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. मी फॉर्म पुढे ठेवला आणि जरा सांभाळून विचारले, “काका, सिद्धेश परत येणार आहे?”

“हो.”

“तुम्हाला तसं म्हणाला?”

“या दारात उभं राहून म्हणाला. ‘येतो काका,’ म्हणाला.” मग त्यांनी वह्या आणल्या. प्रत्येक हिवाळ्याच्या पानावर, गेलेल्याच्या नावापुढे, त्यांच्या सुरेख अक्षरात दोनच शब्द होते. ‘येतो म्हणाला.’ एखादीपुढे, ‘येते म्हणाली.’ काका शांतपणे म्हणाले, “फॉर्मवर लिहिलंय, परत येणाऱ्यांची नावं द्या. मी येतो म्हणणाऱ्यांची दिली. माझी चूक कुठे आहे, ते दाखव.”

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “अहो, जाताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे आपणच शिकवतो ना पोरांना? मग त्यांना त्या शब्दात धरून काय बसता?”

इथे मी थांबायला हवे होते. पण मला रागाने धरले होते, आणि माझा राग मला विचारून येत नाही. मी म्हणाले, “काका, तुम्हाला कळत कसं नाही? परत कुणी येत नसतं. कुणीच नाही. इकडे आठ माणसं खरी आहेत आणि तुम्ही बारा भुतं घेऊन बसलाय.”

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आयुष्यभर ज्यांनी दाराची फट केसाएवढी चुकलेली चालवून घेतली नाही, त्या माणसाला विसर पडलेला नव्हता. त्यांना सगळे ठाऊक होते. मग म्हणाले, “बरं. तू खोड. माझ्याच्याने नाही होणार.”

मी खोडत गेले. प्रत्येक नावाला ते एक वाक्य बोलत. “हा पोट धरून हसायचा.” “हिची आई दरवर्षी मेतकूट पाठवायची.” “याला उंच चेंडू दिसायचा नाही, पण मानायचा नाही.” बारावे नाव खोडून झाल्यावर ते म्हणाले, “आता मॅनेजरच्या रकान्यात माझ्या जागी तुझं नाव लिही.” मला वाटले रुसले. काकूंनी सांगितले तेव्हा कळले. मागच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना काकांच्या छातीत कळ आली होती, डॉक्टरांनी फावड्याला हात लावायची बंदी केली होती, आणि लेक मेधा तेव्हापासून ‘इकडे राहायला या’ म्हणून हट्ट धरून बसली होती. घर विकायला काढायचे ठरले होते. मला सांगायला काका चांगला मोसम शोधत होते, आणि मोसम संपला होता.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला माझ्या रागाचे मूळ सापडले. अकोल्याच्या स्टेशनवर मीसुद्धा बाबांना ‘येते’ म्हणाले होते. त्यांनी ते खरे मानले. मी आले नाही. काकांच्या त्या वहीत मला बाबांचे अक्षर दिसले असावे. हे काकांना तेव्हाच सांगायला हवे होते. मी पुन्हा दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही, आणि या वेळी काकूंनीही फोन केला नाही.

नुसते खोडून भागत नव्हते. लीगचा नियम असा, की नाव कमी करायचे तर त्या खेळाडूने मोकळे केल्याच्या कागदावर सही द्यायची. म्हणजे बारा जणांना फोन करणे आले. मला वाटले होते, दोन संध्याकाळी पुरतील. वर्षानुवर्षे बेसबॉलचे नाव न काढलेली ही माणसे, त्यांना काय फरक पडतो? पहिल्या तिघांनी सही देतो म्हटले आणि दिली नाही. सिद्धेशने सरळ नकार दिला.

“वैशू, नको ना खोडूस.”

“अरे, तू येणारेस का?”

“आय नो, मी येत नाहीये. इकडे कंडो घेतलाय, मुलगी डेकेअरला जाते. पण असू दे ना नाव. व्हॉट्स द हार्म?”

“रोस्टर फुल आहे. नवीन लोक थांबलेत.”

पलीकडे त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “इकडे विंटर म्हणजे नुसता पाऊस असतो गं. महिना-महिना ऊन नाही. काकांचा संडेला फोन येतो. शोल्डर कसा आहे, विचारतात. ॲज इफ मेमध्ये मॅच आहे. मग मी खाली जातो आणि पार्किंगच्या भिंतीवर बॉल मारत बसतो. माझी मुलगी विचारते, डॅडी, व्हाय? काय सांगू तिला? मी त्या लिस्टमध्ये आहे म्हणून, एवढंच.”

मी त्याला काकांच्या छातीचे सांगितले, घराचे सांगितले. काका व्हँकुव्हरला येत आहेत म्हटल्यावर त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. कधी येतात, कुठे राहणार, तिथून मैदान किती लांब. मला त्याचा इतका हेवा वाटला की मी फोन ठेवून दिला. बारा वर्षांत आमचे जे जे गेले त्यातले निम्मे त्या शहराने नेले, आणि आता काकाही तिथेच. तासाभराने सिद्धेशची सही आली. खाली लिहिले होते, ‘काकांना सांगू नकोस मी साइन केलं.’ मी इथे लिहून टाकले आहे, सिद्धेश. तुझ्या काकांना ते न सांगताच कळले असते.

हळूहळू बाराही सह्या आल्या. लातूरच्या मुलीचे नाव चढले, कॉलेजातले चढले, एक चुलत भावांची जोडी आली, तिला क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही येत नाहीत, ही मोठीच सोय. शाळेच्या जिममध्ये सराव सुरू झाला आहे. पहिल्या सरावाला मी शिट्टी घेऊन उभी राहिले आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले, तेव्हा मी सवयीने मागे वळून काकांकडे पाहिले. मागे बास्केटबॉलची जाळी होती.

मग मी काकांकडे गेले. सामानाची खोकी भरत होते. मी क्षमा मागण्यासाठी वाक्ये जुळवून नेली होती. ती निघायच्या आत त्यांनी विचारले, “तुझा उजवा खांदा कसा आहे?” मी म्हटले, दुखतो. “मग बर्फ लाव. आणि त्या लातूरच्या मुलीला सलग दोन दिवस फेकायला लावू नकोस.” सगळ्या वह्या त्यांनी एका खोक्यात घालून माझ्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या. शेवटच्या पानावर या हिवाळ्याची नोंद होती. माझ्या नावापुढे लिहिले होते, ‘रागावली, पण बरोबर होती.’ मी बरोबर नव्हते, काका. हे जाहीरपणे लिहून देते आहे. वहीत दुरुस्ती करायला हरकत नाही.

गेल्या सोमवारी कॅरलबाईंचा पुन्हा फोन आला. तुमची एकोणीस नावे झाली आहेत, एक जागा रिकामी आहे, यादी शुक्रवारी बंद होते, कुणी आहे का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, आहे. वयाची वरची मर्यादा किती, असे विचारले. नाही, म्हणाल्या. मग मी नाव सांगितले, आडनावाची अक्षरे एकेक करून सांगितली. त्या ओळखतात काकांना, सगळी लीग ओळखते. टाइप करता करता थांबल्या. ते गाव सोडून चालले आहेत, हेही त्यांना ठाऊक होते. रकाना भरायचा म्हणून त्यांनी विचारले, “इज ही रिटर्निंग?”

मी म्हणाले, “येस.”

या ग्रंथात काकांना दीर्घायुष्य आणि आरोग्य चिंतणारे पुष्कळ लेख असतील आणि ते सगळे मनापासून असतील. माझी प्रार्थना थोडी आपमतलबी आहे. त्यांचे हृदय दणकट राहो, गुडघे साथ देवोत, व्हँकुव्हरचा ओलावा त्यांना न बाधो, आणि काकूंना त्यांच्याबरोबर शंभरी गाठण्याचा कंटाळा न येवो. काका, तुमचे नाव विसाव्या क्रमांकावर आहे. मेमध्ये पहिला सामना आहे, तो नाही जमला तर पुढचा, ते वर्ष नाही तर त्यापुढचे. हे नाव माझ्या हाताने खोडले जाणार नाही. आम्हाला तुमच्यावाचून करमत नाही.